बोलती पाटी

द्वितीय वर्ष, कला

दिवाळी सरली की आमचे गाव अर्धे रिकामे होते. बालाघाटाच्या डोंगरातले बीड जिल्ह्यातले ते एक लहानसे गाव. ट्रॅक्टर येतात, त्यांत भांडीकुंडी, कोपीचे बांबू, शेळ्या, कोंबड्यांचे डालगे आणि माणसे चढतात आणि पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांच्या पट्ट्यात निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. माझी सगळी शाळा त्या मागे उरलेल्यांत गेली. पण २०२४ च्या दिवाळीनंतर एक वेगळी गोष्ट घडली. आईला कंबरेने धरले होते. डॉक्टरांनी मोळी उचलायची नाही म्हणून सांगितले. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. तो अर्धा राहू नये म्हणून थोरल्या भावाने आयटीआय सोडले आणि तो अण्णांबरोबर फडावर गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच आई हिवाळ्यात घरी राहिली.

मी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात असते. जाताना मी माझा जुना मोबाईल आईला दिला. तिला वाचता येत नाही. हे वाक्य मी कॉलेजात आजवर कुणापाशी बोलले नव्हते, आता छापूनच टाकते आहे. वाचता येत नसले तरी अडचण नव्हती, कारण हल्ली फोनशी बोलता येते. बटण दाबायचे आणि ज्याला फोन करायचा त्याचे नाव घ्यायचे, की फोन लागतो. मी तिला ते शिकवले, मोठ्या फुशारकीने शिकवले, आणि म्हणाले, "आता अण्णांना लाव."

आई फोनकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "ह्यान्ला लाव."

फोनने कसल्याशा लावणीचा व्हिडिओ दाखवला.

"अगं, नाव घे की अण्णांचं!"

"नाव घेऊ? मशिनीम्होरं उखाना घेऊ का आता?"

अण्णांचे नाव पंढरीच्या देवाचे आहे. त्यामुळे आईने लग्नानंतर देवाचेसुद्धा नाव घेतलेले नाही; कीर्तनाला बसली तरी ती "माउली" नाहीतर "पंढरीचा" एवढेच म्हणते. जे नाव तिने देवापाशी घेतले नाही ते ती एका काचेच्या तुकड्यापाशी कुठून घेणार? मी हसले. आजीही हसली. मग मी अण्णांचा नंबर 'कारभारी' या नावाने घातला. पण मराठीतले कुठलेही नाव विभक्ती लागली की रूप पालटते, हे आम्ही व्याकरणाच्या तासाला घोकतो. आई म्हणे, "कारभाऱ्याला लाव," आणि फोनला 'कारभारी' काही सापडेना. शेवटी मी नंबर 'कारभाऱ्याला' अशाच नावाने घातला. तेव्हा कुठे पलीकडून अण्णांचा आवाज आला.

फोन लागला खरा, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. सोय म्हणून दिलेली वस्तू वापरायला आईला आपली रीत मोडावी लागत होती, आणि मला मराठीचे व्याकरण! मग सोय कुणाची झाली?

इथे एक कबुली द्यायला हवी. घरी मी आईला 'माय' म्हणते. 'आई' हा शब्द मी वसतिगृहात आल्यावर उचलला. इथे छापायचे म्हणून वर 'आई' लिहीत आले, पण लिहिताना दर वेळी कुणा दुसऱ्याच बाईविषयी लिहिते आहे असे वाटते. तर इथून पुढे माय.

आमच्या पिढीला 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द ज्या वर्षी कळला ते वर्ष सगळ्यांच्याच लक्षात आहे. मार्च २०२० मध्ये पहिली ते आठवीच्या परीक्षा शासनाने रद्द केल्या. मी आठवीत होते. मायअण्णा तेव्हा कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर अडकले होते. एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर ते परतले आणि चौदा दिवस गावाबाहेर शिवारात राहिले. मी बांधाच्या अलीकडे भाकरीची दुरडी ठेवायची आणि मागे सरायची, मग माय येऊन ती उचलायची. त्याच बांधावर उभे राहून मी तिला ओरडून सांगितले की मी परीक्षेशिवाय पास झाले. ती म्हणाली, "फुकट पास झालीस, त्यात काय वरडतीस?"

नववीचे वर्ष फोनवर गेले. घरात एक फोन, तोही अण्णांचा. रेंज मारुतीच्या देवळामागच्या टेकाडावर. आम्ही सात-आठ पोरे तिथे दगडांवर बसायचो. सर बोलायचे, आवाज तुटायचा, आणि मग "सगळ्यांनी आपापला माईक बंद करा" एवढे एकच वाक्य स्वच्छ ऐकू यायचे. चुलत भाऊ चौथीत होता. त्याच्यासाठी जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचे. त्याच्याकडे बघून मला हेवा वाटायचा, कारण टीव्हीतल्या पोरांना निदान घर, अंगण, चिंचोके असे काहीतरी हाताशी असायचे. आम्हाला पीडीएफ यायच्या. बालभारतीच्या पुस्तकांत चौकोनी ठिपक्यांची चित्रे छापलेली असतात, त्यांवर कॅमेरा धरला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत असे क्यूआर कोड पुस्तकांना जोडणारे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. ती बातमी आम्ही त्याच टेकाडावर ऐकली. बरे वाटले. पण डेटा संपला की ठिपके ठिपकेच राहायचे.

मला त्या वर्षाचे एका बाबतीत बरे वाटते, आणि ते सांगायला थोडा संकोच होतो. वर्षभर माझा माईक बंद होता. बंद माईकमागे मला कुणी हसू शकत नव्हते. आठवीत असताना वर्गात एकदा मी उठून "सर, ते पुस्तक मव्हं हाये" म्हणाले होते. सरांनी "मव्हं?" म्हणून मान वाकडी केली आणि सबंध वर्गाला ते तीनदा म्हणायला लावले. वर्गात निम्म्याहून अधिक पोरे घरी 'मव्हं'च म्हणणारी होती. तीच सगळ्यात मोठ्याने हसली. त्यानंतर मी हात वर करणे सोडले आणि 'माझं' पाठ केले. ते इतके पाठ झाले आहे की आता हा लेख लिहिताना 'मव्हं' हा शब्द मला परका वाटतो. हे चांगले झाले की वाईट, मला ठरवता आलेले नाही.

कॉलेजात आल्यावर आमच्या ग्रंथालयातल्या दोन संगणकांपैकी एक चालू असतो, त्याच्यापुढे मी बरेच तास काढले. 'युजर इंटरफेस' हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा अर्थ लागला नाही. नंतर मीच माझ्यापुरता एक शब्द केला, उंबरठा. माणूस अलीकडे, यंत्र पलीकडे आणि मध्ये उंबरठा. तो किती उंच ठेवायचा, आणि ओलांडायला कुणी वाकायचे, यंत्राने की माणसाने, हाच सगळा त्या शास्त्राचा वाद आहे असे मला वाटते.

आधी माणूसच वाकत होता. १८७० च्या दशकातल्या टंकलेखन यंत्रावरची अक्षरांची उलटसुलट मांडणी अजून आपल्या फोनवर इंग्रजी लिहिताना तशीच आहे; दीडशे वर्षे माणसांच्या बोटांनी तिच्याशी जमवून घेतले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी हजारभर लोकांसमोर माऊस चालवून दाखवला. त्याचा पहिला नमुना लाकडाचा होता हे वाचून मला का कुणास ठाऊक फार आनंद झाला. एखाद्या सुताराने पाटाला चाके लावावीत तसा! अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची व्यवस्था होती, आणि १९७२ मधल्या तिच्या चौथ्या आवृत्तीत विद्यार्थी पडद्याला बोट लावून उत्तर देऊ शकत होता. म्हणजे आपण जे बोट आज फोनवर फिरवतो ते शिक्षणासाठी पन्नास वर्षांपूर्वीच फिरवले गेले होते. मला मात्र सगळ्यांत आवडले ते सेमूर पॅपर्ट यांचे कासव. १९६७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा केली. पुढे तिच्या आज्ञेने जमिनीवर चालणारे एक यंत्र-कासव आले. चौकोन कसा काढायचा हे मुलाला सुचले नाही तर त्याला सांगायचे, तूच कासव हो आणि चालून बघ. इतकी पावले पुढे, मग वळ, पुन्हा इतकी पावले. म्हणजे अंगाला जे आधीच ठाऊक आहे त्यावरून गणित शिकायचे. माझ्या मायला भूमितीतले काही येत नाही, पण ती पावलांनी उसाची सरी मोजते आणि दिवसात किती होईल ते सांगते. पॅपर्ट तिला भेटले असते तर दोघांचे जमले असते.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडची. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजी भागात सुगाता मित्रा यांनी एका भिंतीत भोक पाडून त्यात संगणक बसवला आणि पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना तो मोकळा सोडला. कुणी शिकवायला नाही. पडद्यावर सगळे इंग्रजी. पोरांनी तो आपला आपण चालवायला घेतला. त्या प्रयोगातून किती शिक्षण झाले याविषयी पुष्कळ वाद झाले आहेत, आणि नुसते यंत्र भिंतीत बसवून शाळा होत नाही हे टेकाडावर वर्ष काढलेल्या मला कुणी सांगायला नको. पण त्यातली एक लहानशी नोंद माझ्या मनात घर करून आहे. पडद्यावरच्या बाणाला ती पोरे 'सुई' म्हणायची, आणि संगणक थांबा म्हणतो तेव्हा दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. यंत्राने त्यांना नावे दिली नव्हती, त्यांनी यंत्राला दिली.

हे वाचले त्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा मायला विचारले, बोलायचे बटण तू कसे ओळखतेस? ती म्हणाली, "कनसाचं चित्र हाये ना ते." माईकचे चित्र! बाजरीचे कणीसच ते, मला कधी दिसले नव्हते. फडावर शेजारच्या कोपीतल्या पोरीने तिला शिकवले होते, "मावशी, कनीस दाब, बोल, अन् सोड."

त्या कणसाने माझे एक मोठे काम केले आहे. मी बारावीत होते. डिसेंबर महिना, मायअण्णा फडावर. चुलत्यांनी एक स्थळ आणले. मुलगा टोळीतलाच, कष्टाळू, आणि लग्न झाले की नवा कोयता तयार. मला अठरावे पुरे व्हायला अवकाश होता, पण त्याची काळजी कुणाला नव्हती. आजी म्हणाली, उजवून टाका, पोरीची जात, आईबाप परमुलखात. अण्णा फोनवर हो म्हणेनात, नाही म्हणेनात. आजीच्या काळी हेच झाले असते तर पोस्टकार्ड गेले असते. ते मुकादमाच्या लिहित्या माणसाने वाचून दाखवले असते आणि उत्तरही त्यानेच लिहिले असते. त्या उत्तरात मायचे किती उरले असते कोण जाणे. पण रात्री साडेनऊला भावकीच्या गटावर मायचा आवाज आला. मागे बैलाच्या घंटा वाजत होत्या, कुणाचे तरी पोर रडत होते, आणि माय सांगत होती, "पोरगी बारावी करंल, पुढं कालेजात जाईल. म्या येईस्तवर कुनी सुपारी फोडायची नाई. फोडली तर म्या फडावरून चालत येईन." एवढेच. एक्केचाळीस सेकंद. चुलत्यांनी ते दोनदा ऐकले. कागदावरच्या शब्दाला अडवता येते. त्या आवाजाला कुणी उलट बोलले नाही. तो निरोप मी जपून ठेवला आहे आणि या वर्गात बसले आहे ती त्याच्या जोरावर.

म्हणून आवाजाने चालणाऱ्या यंत्रांविषयी मला आस्था आहे. ती नसती तर पुढचे मी शोधत बसले नसते.

यंत्राने माणसाचे बोलणे ओळखण्याची खटपट जुनी आहे. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेत 'ऑड्री' नावाचे यंत्र झाले, ते शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचे. पण ज्याच्या आवाजाची त्याला सवय लावली त्याचेच ओळखायचे; दुसरा बोलला की अडखळायचे. १९६२ मध्ये सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' दाखवला, त्याला सोळा शब्द येत. सोळा शब्दांपासून निघालेली ही वाट २०१७ मध्ये मराठीपर्यंत आली. त्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी घातली. २०२२ मध्ये सरकारचा 'भाषिणी' हा उपक्रम सुरू झाला, भारतीय भाषांतून यंत्रांना ऐकता-बोलता यावे म्हणून. आता तर माणसासारखे उलट उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. तुम्ही विचारा, ते समजावून सांगेल; कळले नाही म्हणा, दुसऱ्या तऱ्हेने सांगेल; आणि कंटाळणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मी स्वतः काव्यशास्त्रातला साधारणीकरणाचा मुद्दा असाच समजून घेतला. मला समजावले. मी प्रमाण मराठीत विचारले होते.

मायने विचारले तेव्हा काय झाले ते सांगते.

शेळी चारा खाईना. पोट फुगले होते. मी सुट्टीवर घरी होते. मीच म्हणाले, विचार फोनला. मायने कणीस दाबले आणि बोलली, "मव्ही शेळी चरंना, प्वाट फुगलंय, काय करू?" पडद्यावर अक्षरे उमटली. ती काहीतरी 'महू', 'शाळा', 'चरण' अशी होती. उत्तर आले ते मध्य प्रदेशातल्या महू गावाविषयी. ती पुन्हा बोलली, जरा मोठ्याने. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मध्ये पडले.

"माय, असं नाही. 'माझी' म्हण. 'माझी शेळी चारा खात नाही. पोट फुगलं आहे.' हळू, एकेक शब्द सुटा."

"माजी शेळी..."

"माझी. झ. मव्ही म्हटलं की त्याला कळत नाही."

तिने फोन माझ्या हातात दिला. रागाने नाही, सावकाश, जसे एखादे परक्याचे भांडे परत द्यावे. म्हणाली, "तूच इचार बाई. तुव्हं त्याला कळतंय." आणि गोठ्यात गेली. शेळीला तिने गोडे तेल पाजले, पोट चोळत तासभर बसली, आणि सकाळी शेळी उठून पाला ओरबाडू लागली. फोनला विचारलेलेच नाही.

मी ओट्यावर बसून होते. 'मव्ही' हा शब्द मी ज्या सुरात म्हणाले तो सूर माझा नव्हता. मान जराशी वाकडी करून म्हणाले होते मी. तो सूर कुठून आला हे मला पक्के ठाऊक होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या कॉलेजात ग्रंथदिंडी निघाली. मी फेटा बांधून पुढे होते. त्या दिवशी भाषणे झाली ती सगळी चांगली झाली. बहिणाबाईंचा उल्लेख प्रत्येकाने केला. १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी शेतात, जात्यावर रचलेले घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवले आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने आले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची भाषा खानदेशी वळणाची, ती आम्ही अभ्यासक्रमात आदराने शिकतो. टाळ्या वाजवताना मला वाटून गेले, आज त्यांनी कणीस दाबून काही सांगितले असते तर पडद्यावर काय उमटले असते?

यंत्राला 'मव्हं' का कळत नाही याचे कारण शोधायला मला दोन महिने लागले, आणि सापडले ते अगदी साधे निघाले. यंत्र ऐकायला शिकते ते माणसांच्या आवाजांच्या साठ्यावरून. जे आवाज साठ्यात नाहीत ते त्याला कळत नाहीत. मग हे आवाज जमवतात कसे? 'भाषिणी'च्या भाषादानात किंवा मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये मुख्य रीत अशी, की पडद्यावर एक वाक्य येते, ते तुम्ही मोठ्याने वाचायचे. वाचायचे! म्हणजे आवाज दान करायलाही साक्षर असावे लागते. आणि वाचणारा माणूस छापील मराठी वाचतो. घरी 'मव्हं' म्हणणारा माझ्यासारखा माणूससुद्धा तिथे 'माझं'च म्हणून येतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलते यंत्र करायचे, आणि ते शिकवायचे मात्र लिहित्या-वाचत्यांच्या आवाजावर! दिंडीतल्या पालखीला खांदा सगळ्यांनी द्यायचा आणि गाभाऱ्यात ठराविकांनीच जायचे, तसे हे झाले.

दोष कुणाचा म्हणून मी हे लिहीत नाही. याला दुसरी रीतही आहे आणि ती आपल्याच देशात चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'वाणी' या प्रकल्पात माणसाला वाक्य देत नाहीत, चित्र दाखवतात आणि म्हणतात, यात काय दिसते ते तुमच्या बोलीत सांगा. जिल्ह्याजिल्ह्यांतून असे आवाज गोळा करतात. हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने "अरे!" म्हणाले आणि ग्रंथपालांची नजर ओढवून घेतली.

पण एवढ्याने माझा प्रश्न सुटला असे नाही. कारण मायने स्वतःच त्यात एक खुंटी मारून ठेवली आहे.

अण्णा गेल्या हंगामाहून परतले तेव्हा मुकादमाने हिशेबाचा कागद दिला होता. उचल किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली. मायला वाटले अंगावर जास्त धरले आहे. ती घरी होती, पण भावाला फोन करून रोजच्या खेपा विचारायची आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायची. फोनच्या कॅमेऱ्याने कागद वाचून घेता येतो हे मी तिला सांगितले होते. छापील मजकूर तो बरा वाचतो. मुकादमाचे अक्षर मात्र मुकादमाचेच. फोनने एका ठिकाणी नऊचा एक केला, एका ठिकाणी ओळच गाळली, आणि हे सगळे त्याने अतिशय गोड, शुद्ध आवाजात वाचून दाखवले. मी कागद घेतला, डोळ्यांनी वाचला आणि बरोबर बेरीज सांगितली. रेघांशी ताळा केला तर चार खेपांचा फरक निघाला. अण्णांनी तो मुकादमापुढे मांडला. तीन खेपा मान्य झाल्या, चौथीवर अजून बोलणे चालू आहे.

त्या रात्री मी मायला धीर द्यायला म्हणाले, "पुढं-पुढं हे मशीन हातचं लिहिलेलंही नीट वाचील. तुझं बोलणंही त्याला कळेल. तुला वाचायला शिकायची गरजच राहणार नाही."

ती भाकरी थापत होती. थांबली. "मशीन वाचंल ते मशिनीला कळंल. त्यानं एकाचे नऊ सांगितले तरी म्या व्हय म्हनायचं. मुकादम सांगायचा तव्हाबी म्या व्हयच म्हनीत व्हते." मग म्हणाली, "मला आकडे दाव. अक्षरं ऱ्हाऊ दे, आदी आकडे."

मला काही उत्तर देता आले नाही. मी उंबरठा खाली आणायच्या गोष्टी करत होते, आणि तिला पाय उचलून आत यायचे होते. या दोन्हींत भांडण आहे का, हे मी अजून विचार करते आहे. आमचे एक प्राध्यापक म्हणतात भांडण नाही, बोलते यंत्रच उद्या तुझ्या आईला अक्षरे शिकवील. शिकवीलही. तिची बोली त्याला आधी शिकावी लागेल एवढेच.

आकड्यांची शिकवणी फोनवरच चालते. मी वसतिगृहातून पाटीवर आकडा लिहून व्हिडिओवर दाखवते. ती चुलीपुढे राखेत बोटाने काढते आणि फोनचे तोंड खाली करून मला दाखवते. राखेत काढलेला आकडा कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, म्हणून ती उजेडाला येते, आणि तोवर वाऱ्याने राख हललेली असते. सहा आणि नऊ यांत तिचा गोंधळ होतो. सातला ती 'इळा' म्हणते, आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात. आणि चारला 'पीळ'. नावे दिल्यापासून ती चुकत नाही. सहाचे नाव अजून ठरलेले नाही.

या संक्रांतीला घरी गेले तेव्हा 'वाणी'सारखेच आपण करून पाहावे म्हणून मी फोनवर उसाच्या फडाचे एक चित्र काढले. हिरवागार ऊस, निळे आभाळ, मध्ये एक ट्रॅक्टर. मायपुढे धरले आणि आवाजाची नोंद चालू केली. म्हणाले, "यात काय दिसतंय ते सांग. जसं बोलतीस तसं."

"ह्यात माणूसच नाई," ती म्हणाली.

"माणूस नाही ते जाऊ दे. आहे ते सांग."

"आता माणूस नाई तर तोडलंय कुनी? ह्यो बग, हितून तोडून आलेत. पाचट पडलंय. म्हंजी बाया मागं हायेत, मोळ्या बांधू ऱ्हायल्या, चित्र काढनाऱ्याला दिसल्या नाईत. अन् ट्याक्टर असा उताराला कामून हुभा केलाय? भरला की पलटी व्हईल. मव्ह्या चुलत सासऱ्याचा पाय असाच..."

ती बोलत राहिली. चुलत सासऱ्याचा पाय, मग त्या सालची थंडी, मग कोपीत झालेला माझा भाऊ, ती कोपी कुठल्या कारखान्याच्या मागे होती, तिथल्या विहिरीचे पाणी कसे मचूळ होते. मी मध्ये एकदाही बोलले नाही. फोनवर मिनिटे पुढे सरकत होती. चौदाव्या मिनिटाला नोंद थांबली आणि काच उजळली. फोन वाजत होता. मायने तो माझ्या हातून घेतला, पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "ह्यांचाच हाये. शेवटी इळा अन् त्याच्या पुढं दोन पीळ."